प्रस्तावना : शिकवता शिकवता मांडलेली सारणी

१८६९ च्या फेब्रुवारीत सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातल्या एका प्राध्यापकापुढे पानांचा प्रश्न उभा होता. दिमित्री मेंडेलीव्ह रशियन विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला भाग हातावेगळा झाला होता आणि त्यात हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि चार हॅलोजन अशी मोजून आठ मूलद्रव्ये सविस्तर आली होती. त्या काळी ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. म्हणजे उरलेली ५५ एकट्या दुसऱ्या भागात बसवायची. ती कोणत्या क्रमाने घ्यायची? हॅलोजननंतर सोडिअम-पोटॅशिअमचे कुटुंब घ्यावे हे ठीक. पण त्यानंतर कोण, आणि का? एकेक मूलद्रव्य सुटे सुटे शिकवत बसले तर पुस्तक कधी संपायचे नाही, आणि संपले तरी विद्यार्थ्याच्या डोक्यात काही राहायचे नाही. या अडचणीतून वाट काढताना त्याने एक तक्ता मांडला. त्यावर १७ फेब्रुवारी ही तारीख आहे. आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्च. रशियन भाषेत १५० आणि फ्रेंचमध्ये ५० प्रती छापून त्याने तो रसायनशास्त्रज्ञांकडे धाडला.

या संग्रहातले लेख एका बैठकीत वाचताना मला एक गोष्ट वारंवार दिसत गेली. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाला जिथे जिथे वळण मिळाले, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी वर्गाची तयारी करत होते. लव्हाझिएची मूलद्रव्यांची यादी आली ती 'प्राथमिक' म्हणवणाऱ्या पाठ्यपुस्तकात. अणुभारांचा गोंधळ निस्तरणाऱ्या कानिझारोची पुस्तिका म्हणजे जिनोव्हातल्या त्याच्या व्याख्यानक्रमाची रूपरेषा. मेंडेलीव्हचा प्रतिस्पर्धी लोथर मायर याची पहिली सारणीही त्याच्या पुस्तकातच छापली गेली. आज जिचे अठरा स्तंभ आपण ओळखतो त्या लांबट सारणीचा प्रसार झाला तोही होरेस डेमिंग या अमेरिकन अध्यापकाच्या १९२३ च्या पुस्तकामुळे. प्रयोगशाळेने माहिती पुरवली, पण ती माहिती ओळीने मांडण्याची निकड फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला होती. हा नियम सर्वत्र लागू पडतो असे नाही. मोझली हा ठळक अपवाद, त्याच्याकडे पुढे येऊ. पण आपल्याकडे जी सारणी बहुतेकांना पाठांतराची वस्तू म्हणून आठवते, तिचा जन्म पाठांतर टाळण्याच्या खटपटीतून झाला, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेले बरे.

मराठी शाळेत शिकलेल्या वाचकाला या इतिहासाचा एक आराखडा ठाऊक असतो. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हची सारणी, मग आधुनिक सारणी. प्रत्येक पायरीचे गुण-दोष दोन-दोन गुणांसाठी लिहायचे. धडा म्हणून ही मांडणी सोयीची आहे. तिचा तोटा असा की आधीचे सगळे जण अर्धवट आणि शेवटचा तेवढा शहाणा, असा समज त्यातून रुजतो. प्रत्यक्षात यातले बरेच जण एकमेकांचे समकालीन होते. काहींना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, काहींना होती आणि ती त्यांनी नाकारली.

सुरुवात यादीपासून करावी लागते, कारण वर्गीकरण करायचे कशाचे हेच आधी ठरलेले नव्हते. पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाश किंवा ग्रीकांची चार तत्त्वे ही जगाचे गुणधर्म समजावून सांगण्यासाठी होती. बाटलीत भरून ठेवता येतील असे पदार्थ म्हणून त्यांची कल्पना नव्हती. आपल्याकडच्या रसशास्त्राला धातूंची ओळख उत्तम होती. राजस्थानातल्या जावरला जस्ताचे ऊर्ध्वपातन युरोपच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर होत होते. तरी धातू बनवता येणे वेगळे आणि तो पुढे विघटित होत नाही असे म्हणणे वेगळे. १७८९ मध्ये आंत्वान लव्हाझिएने व्यवहारी व्याख्या केली: ज्याचे पृथक्करण आज आपल्याला करता येत नाही, ते तूर्त मूलद्रव्य. त्याच्या यादीत ३३ नावे आहेत. त्यात प्रकाश आणि उष्णता यांचाही समावेश आहे, आणि चुन्यासारखे काही पदार्थ आहेत जे पुढे संयुगे निघाले. या चुकांवर हसण्यापेक्षा व्याख्येतला 'तूर्त' पाहावा. यादी दुरुस्त होणार हे गृहीत धरूनच ती केलेली होती. आणि तशी ती झालीही: हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने पोटॅशिअम आणि सोडिअम वेगळे काढले, आणि यादी झपाट्याने वाढू लागली.

यादी वाढली की ओळी लावाव्याशा वाटतात. पण कशाच्या आधारे? रंग, वास, धातू की अधातू, असे निकष लवकर थकतात. डाल्टनच्या अणुसिद्धांताने एक आकडा हाती दिला, अणुभार. येना विद्यापीठातल्या योहान डोबेरायनरने १८२९ मध्ये त्याचा खेळ करून दाखवला. लिथिअम ७, पोटॅशिअम ३९. दोघांची सरासरी २३, आणि तोच सोडिअमचा अणुभार. क्लोरीन आणि आयोडीन यांच्या मध्ये ब्रोमीन असेच बसते. आकडे आणि स्वभाव यांचे काहीतरी नाते आहे, ही पहिली चाहूल. तरी पुढची तीस वर्षे ही चाहूल चाहूलच राहिली. कारण आकड्यांवरच एकमत नव्हते. पाण्याचा रेणू एका हायड्रोजनचा की दोन? यावर ऑक्सिजनचा अणुभार ८ की १६ हे ठरणार. कार्बनचे तेच, ६ की १२. ऑगस्ट केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची प्रचलित १९ सूत्रे नोंदवली आहेत. अशा परिस्थितीत विद्यार्थ्याला शिकवायचे तरी काय?

याच केकुलेच्या पुढाकाराने सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे युरोपभरचे सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद म्हणून हा प्रसंग महत्त्वाचा मानतात. परिषदेत ठराव असा काही झाला नाही, शास्त्रातले प्रश्न मतदानाने सुटतही नाहीत. पण निघताना इटलीच्या स्तानिस्लाव कानिझारोची ती छोटी पुस्तिका त्याच्या मित्राने उपस्थितांना वाटली. अवोगाद्रोचे पन्नास वर्षे अडगळीत पडलेले गृहीतक वापरून अणुभार सुसंगतपणे कसे काढायचे, हे तो वर्गात शिकवत असे तसेच तीत मांडलेले होते. लोथर मायरने ती वाचली आणि त्याचा संभ्रम फिटला. हायडलबर्गला शिकायला आलेला सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही कार्ल्सरूहला हजर होता. आवर्तसारणीची जन्मतारीख द्यायचीच झाली तर मी १८६९ ऐवजी हे तीन दिवस सुचवीन.

कारण त्यानंतर दहा वर्षांच्या आत निरनिराळ्या देशांतल्या सहा जणांना जवळपास तीच गोष्ट दिसली. डच इतिहासकार योहानेस व्हान स्प्रॉन्सेन याने १९६९ च्या आपल्या ग्रंथात या सहाही जणांना स्वतंत्र शोधक मानले. १८६२ मध्ये शांकुर्त्वा या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने मूलद्रव्ये एका दंडगोलावर मळसूत्रासारखी गुंडाळली आणि सारखी मूलद्रव्ये एकाखाली एक आलेली दाखवली. त्याचा निबंध छापताना आकृतीच गाळली गेली, आणि आकृतीवाचून तो निबंध कुणाला कळला नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ओडलिंग, अमेरिकेत गुस्टाफ हिनरिक्स. आणि जॉन न्यूलँड्स, ज्याने गॅरिबाल्डीच्या बाजूने लढून येऊन लंडनमध्ये रसायनतज्ज्ञाचा व्यवसाय मांडला होता.

न्यूलँड्सची गोष्ट शालेय पुस्तकांत दोन ओळींत उरकते, म्हणून थोडे थांबतो. दर आठव्या मूलद्रव्याला पहिल्याचे गुण येतात असे त्याने १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत मांडले. तेव्हा जॉर्ज केरी फॉस्टर या प्राध्यापकाने विचारले, की नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे मूलद्रव्ये लावून पाहिलीत का? हा प्रश्न कुत्सित म्हणून प्रसिद्ध आहे. पण न्यूलँड्सच्या तक्त्याकडे पाहिले तर त्यात थोडे तथ्य दिसते. सांगीतिक सप्तकाच्या मोहात त्याने सगळ्यांना ओळीत दाटीवाटीने बसवले होते. कोबाल्ट आणि निकेल एकाच जागी, आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या रांगेत. पंगतीत कोण आले नाही याचा विचार न करता आलेल्यांनाच पानांवर बसवत गेले तर एका पानावर दोघे येतात आणि व्याही शेजारच्या ओळीत जातो, तसे झाले. सोसायटीने निबंध छापला नाही. एकवीस वर्षांनी, १८८७ मध्ये, रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिले. न्यूलँड्सने निबंध मांडल्यानंतर बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला मेंडेलीव्हचा तक्ता आला, हा निव्वळ योगायोग. पण वर्षगणना लक्षात ठेवायला उपयोगी.

मेंडेलीव्हबद्दल दंतकथा पुष्कळ. त्याला सारणी स्वप्नात दिसली, तो पत्त्यांसारखी कार्डे मांडत बसला होता वगैरे. सोव्हिएत इतिहासकार बोनिफाती केद्रोव्हने तर त्या एका दिवसावर पुस्तकच लिहिले. अलीकडचे अभ्यासक, विशेषतः मायकेल गॉर्डिन, या एकदिवसीय शोधाबद्दल साशंक आहेत. त्यांच्या मते १८६९ चा तक्ता हे पाठ्यपुस्तकाच्या मांडणीचे साधन होते, आणि त्यामागे निसर्गाचा नियम आहे असा आत्मविश्वास मेंडेलीव्हला पुढच्या दोन वर्षांत येत गेला. त्याच्या त्या दिवसांतल्या वागण्यावरूनही तसेच वाटते. ज्या दिवशी रशियन केमिकल सोसायटीत हा निबंध वाचला जायचा, त्या दिवशी तो स्वतः हजर नव्हता. सहकारी मेन्शुत्किनने तो वाचून दाखवला. मेंडेलीव्हच्या कार्यक्रमात चीज बनवणाऱ्या सहकारी संस्थांची पाहणी होती. युगप्रवर्तक शोध लागला आहे असे वाटणारा माणूस चीज पाहायला जात नाही.

मग श्रेय त्याला का? लोथर मायरची सारणी काही बाबतींत अधिक रेखीव होती. १८७० मध्ये त्याने काढलेला अणुआकारमानाचा आलेख, चढ-उतारांच्या लाटा दाखवणारा, आजही आवर्तिता समजावून सांगण्याचे उत्तम साधन आहे. जागा मायरनेही मोकळ्या सोडल्या होत्या. फरक स्वभावाचा होता. मायर सावध, प्रयोगाने दिलेला आकडा तो सहसा बदलत नसे. मेंडेलीव्ह आकड्याशी भांडे. युरेनिअमचा अणुभार १२० मानला जाई, त्याने तो दुप्पट करून २४० केला. इंडिअमचा पाऊणशेच्या आसपासचा आकडा ११३ वर नेला. बेरिलिअमला १४ वरून ९ वर आणले. तिन्ही ठिकाणी तो बरोबर ठरला. टेल्युरिअमचा अणुभार आयोडीनपेक्षा कमी असलाच पाहिजे असेही त्याने ठासून सांगितले, आणि तिथे तो चुकला. पण चुकीच्या समजुतीतूनही त्याने टेल्युरिअमला बसवले अगदी योग्य जागी. भार एक सांगतो आणि गुण दुसरेच, तेव्हा गुणांचे ऐकायचे, हा मुरलेल्या अध्यापकाचा आणि रसायनशास्त्रज्ञाचा कौल होता.

१८७१ मध्ये त्याने तीन रिकाम्या जागांची सविस्तर वर्णने लिहिली: एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. 'एका' हे संस्कृत 'एक'वरून. याबद्दल आपल्याकडे हल्ली बराच अभिमान व्यक्त होतो. पाणिनीचा संपादक ओटो बोटलिंक पीटर्सबर्गमध्येच होता, यावरून वर्णमालेच्या मांडणीचा आणि सारणीचा धागा जोडणारा तर्क एका भाषाशास्त्रज्ञाने केला आहे. तर्क आकर्षक आहे, पुरावा म्हणावा असे त्यात काही नाही. पुढे १८७५ मध्ये लकोक द बॉयबॉद्राँने पिरेनीजमधल्या जस्ताच्या खनिजात गॅलिअम, म्हणजे ते एका-ॲल्युमिनिअम, शोधले आणि त्याची घनता ४.७ असल्याचे सांगितले. हा धातू डोळ्यांनी न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवले, की नमुना अशुद्ध असेल, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. शुद्ध करून मोजल्यावर तशीच आली. १८७९ मध्ये निल्सनने स्कँडिअम शोधले, आणि १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंकलरने जर्मेनिअम. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ सांगितला होता, मिळाला ७२.३, घनता ५.५ सांगितली होती, मिळाली ५.४७.

ही भाकिते इतकी नेत्रदीपक आहेत की फसलेली भाकिते झाकली जातात, आणि ती पुष्कळ आहेत. हायड्रोजनहून हलक्या अशा दोन मूलद्रव्यांची, त्यातले एक साक्षात ईथर, कल्पना तो अखेरच्या वर्षांपर्यंत धरून होता. म्हणून तत्त्वज्ञांमध्ये एक जुना वाद आहे. सारणी स्वीकारली गेली ती भाकिते खरी ठरली म्हणून, की आधीच ठाऊक असलेली साठेक मूलद्रव्ये तिने नीट बसवली म्हणून? एरिक स्केरी आणि जॉन वॉरल यांनी दाखवून दिले आहे की १८८२ मध्ये मेंडेलीव्ह आणि मायर दोघांना मिळून डेव्ही पदक दिले गेले तेव्हा मानपत्रात भाकितांचा उल्लेख नव्हता. मला दुसरे उत्तर अधिक पटते. वर्गात उभे राहणाऱ्याला न सापडलेल्या मूलद्रव्यांपेक्षा सापडलेल्यांची पंचाईत मोठी असते.

सारणीची खरी परीक्षा तिने न वर्तवलेल्या पाहुण्यांनी घेतली. हवेतून मिळणारा नायट्रोजन संयुगांतून मिळणाऱ्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्याने जड का, हा लॉर्ड रॅलेला पडलेला प्रश्न १८९४ मध्ये आरगॉनपर्यंत घेऊन गेला. कशाशीच संयोग न पावणारा हा वायू कोणत्या गणात घालायचा? मेंडेलीव्हला आधी तो नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू वाटला. विल्यम रॅम्झीने १८९५ मध्ये एका युरेनिअम खनिजातून हेलिअम मिळवले, १८९८ मध्ये क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन. तेव्हा एकट्यादुकट्याला जागा नव्हती, पण अख्ख्या कुटुंबाला एक नवा स्तंभ देता आला. राजवायूंनी सारणी मोडली नाही, रुंद केली.

हेलिअमचा विषय निघाल्यावर मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' दाखवून नॉर्मन लॉकियरने इथूनच १८६८ च्या ग्रहणात हेलिअम शोधला असे सांगितले जाते, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलिअम दिनही साजरा होतो. गोष्ट गोड आहे, पण दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला झांसां हा फ्रेंच निरीक्षक गुंटूरला होता आणि ब्रिटिश रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ग्रहणाविना, ऑक्टोबरमध्ये, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला तो खरोखर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, हेलिअम पृथ्वीवर सापडून गेल्यानंतर. ओटे त्या मोहिमेचे असावेत. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही, आणि मला विजयदुर्गच्या दंतकथेपेक्षा तेच अधिक अभिमानास्पद वाटते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर सारणीची दोन ठिकाणी दमछाक झाली. एक, विरळ मृत्तिका. स्वीडनमधल्या इटर्बी या एका खेड्याच्या नावावरून चार मूलद्रव्यांची नावे पडली, इतकी ती एकाच मातीत गुंतलेली आणि एकमेकांसारखी. ती एकूण किती हेच कळेना. दुसरे, किरणोत्सारी पदार्थ. दहा-पंधरा वर्षांत तीसहून अधिक नवी 'मूलद्रव्ये' जाहीर झाली आणि सारणीत तेवढ्या जागाच नव्हत्या. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली: भार वेगळे, रासायनिक वागणूक तीच, म्हणून चौकट तीच. सारणी वाचली, पण अणुभार हा तिचा पाया कायमचा निखळला.

नवा पाया हेन्री मोझलीने दिला. मँचेस्टर आणि ऑक्सफर्डमध्ये काम करताना १९१३-१४ या दोन वर्षांत त्याने एकामागून एक मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारिता मोजल्या. वारंवारितेचे वर्गमूळ घेतले की मूलद्रव्ये सरळ रेषेत, समान पायऱ्यांवर येतात. पायरीचा क्रमांक हा अणुअंक, केंद्रकावरचा धनप्रभार. व्हान डेन ब्रूक नावाच्या हौशी डच अभ्यासकाने हे आधी सुचवले होते. मोझलीने ते मोजून दाखवले. आता टेल्युरिअम ५२ आणि आयोडीन ५३; आरगॉन १८, पोटॅशिअम १९. गुणांचे ऐकून मेंडेलीव्हने लावलेला क्रम बरोबर ठरला. शिवाय ॲल्युमिनिअमपासून सोन्यापर्यंत कोणत्या जागा रिकाम्या आहेत हे बोट ठेवून सांगता येऊ लागले. पॅरिसचे जॉर्ज उर्बें विरळ मृत्तिकांचे आयुष्यभर जमवलेले नमुने घेऊन ऑक्सफर्डला आले, आणि जी उत्तरे शोधायला त्यांना वर्षे लागत ती थोड्या वेळात मिळाली. १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.

मोझलीनंतर सारणीची सूत्रे भौतिकशास्त्रज्ञांकडे गेली आणि दोन संप्रदाय तयार झाले. एक म्हणतो, सारणी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या मांडणीची छाया. बोर आणि पाउली यांच्यानंतर कवचांत २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉन का मावतात हे समजले; रसायनशास्त्र तत्त्वतः पुंजयामिकीतून निघते. दुसरा संप्रदाय विचारतो, की मग आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी दुहेरी का? कवचे कोणत्या क्रमाने भरतात हा नियम आपण शिकवतो खरा, पण तो पहिल्या तत्त्वांपासून निर्विवादपणे काढलेला नाही आणि त्याला वीसेक अपवाद आहेत. स्केरी या बाजूचे. या संग्रहातल्या लेखकांमध्येही यावर एकमत नाही, आणि संपादकांनी ते जुळवण्याचा आग्रह धरला नाही हे चांगले केले.

रसायनाचा कौल अखेर निर्णायक ठरतो याचे एक उदाहरण ग्लेन सीबॉर्गचे. थोरिअम, प्रोटॅक्टिनिअम, युरेनिअम हे हाफ्निअम, टँटलम, टंगस्टन यांच्याखाली शिकवले जात. अणुबाँब प्रकल्पात प्लुटोनिअमच्या पुढची मूलद्रव्ये वेगळी काढताना अपेक्षित रसायन जमेना, तेव्हा १९४४ मध्ये सीबॉर्गने हा सगळा गट उचलून लँथनाइडांखाली, म्हणजे विरळ मृत्तिकांच्या ओळीखाली, दुसरी ओळ म्हणून ठेवला. असे छापलेत तर नाव घालवाल, असा सल्ला त्याला मिळाला होता. आज प्रत्येक भिंतीवरच्या तक्त्यात ती ओळ आहे. तिथून पुढची वाटचाल मूलद्रव्ये शोधण्याची कमी आणि घडवण्याची अधिक. टेनेसिनसाठी अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये २२ मिलिग्रॅम बर्केलिअम बनवले आणि त्याचे अर्धआयुष्य सरण्याआत रशियातल्या दुब्नाला पोचवले. हाती आले ते सहा अणू. २०१६ मध्ये चार नावे अधिकृत होऊन ११८ चौकटींच्या सारणीची सातवी ओळ भरली.

याचा आज उपयोग काय, असे विचारणाऱ्याला आयात-निर्यातीच्या बातम्या दाखवाव्यात. २०२३ मध्ये चीनने ज्या दोन मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्यांचे निर्बंध घातले ती गॅलिअम आणि जर्मेनिअम. मेंडेलीव्हच्या तिघांपैकी दोन. एलईडी, ५जी, रात्री पाहणारे कॅमेरे, प्रकाशतंतू यांना ती लागतात, आणि ती मिळतात ॲल्युमिनिअमच्या व जस्ताच्या कारखान्यांत उपउत्पादन म्हणून. ॲल्युमिनिअमच्या खनिजात गॅलिअम का सापडावे याचे उत्तर सारणीतल्या त्यांच्या उभ्या शेजारात आहे. विरळ मृत्तिका एकमेकींपासून सोडवणे इतके खर्चीक का, याचेही उत्तर तिथेच. आणि याच २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून आवर्तसारणीचा धडा वगळला, भार कमी करण्यासाठी. अकरावीत विज्ञान घेणाऱ्यांना तो मिळतो. बाकीच्यांचा संबंध तिथेच तुटतो. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात तो आहे. पाठांतराचा भार कमी करायला जी युक्ती निघाली तीच भार म्हणून काढून टाकावी, यातला विनोद धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा.

आता या पुस्तकाविषयी. हा ११८ मूलद्रव्यांचा कोश नाही. तशी पुस्तके आहेत. इथे वर्गीकरण या कृतीचा इतिहास आहे. म्हणून फसलेल्या मांडण्यांना, शांकुर्त्वाच्या दंडगोलापासून हिनरिक्सच्या चक्रापर्यंत, भरपूर जागा मिळाली आहे. एडवर्ड मझूर्सने १९७४ पर्यंतचे सारणीचे सुमारे सातशे आकृतिबंध जमवले होते. त्यांतले थोडके इथे आकृत्यांसह आले आहेत, विशेषतः शार्ल जाने याची डावीकडे पायऱ्या असलेली सारणी, जी भौतिकशास्त्रज्ञांना आवडते कारण तीत हेलिअम बेरिलिअमच्या डोक्यावर जातो, आणि रसायनशास्त्रज्ञांना नेमकी त्याच कारणाने खटकते. परिभाषा बालभारतीची ठेवली आहे, म्हणजे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या वाचकाला कोश उघडावा लागू नये. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे. मोझलीच्या लेखात टाळलेले नाही, आणि टाळू नये. त्यातले वर्गमूळ समजले की बाकी सगळे सोपे आहे.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे आहे, पण वाचण्याचा क्रम तसाच हवा असे नाही. शिक्षकांनी कार्ल्सरूहच्या लेखापासून सुरुवात करावी. ज्यांना शाळेत हा विषय रुक्ष वाटला त्यांनी विरळ मृत्तिकांपासून, कारण तिथे कुणालाच काही कळत नव्हते आणि भांडणे मजेदार आहेत. शेवटच्या लेखात तिसऱ्या गणाचा वाद आहे: स्कँडिअम आणि यिट्रिअमच्या खाली लँथनम-ॲक्टिनिअम यावेत की ल्युटेशिअम-लॉरेन्सिअम? यावर रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अभ्यासगटही नेमला. ११८ चौकटी भरल्या तरी वर्गात फळ्यावर तक्ता काढणाऱ्या शिक्षकाला त्या जागी खडू थांबवून ठरवावे लागते, आणि हा लेख त्याला दोन्ही बाजूंची कारणे पुरवतो.